रिपोर्ट नॉर्मल, तरी मूत्राशय दुखतंच

प्रश्न: माझं वय ३८. दोन वर्षांपूर्वी लघवीला जळजळ झाली, तपासणीत जंतू निघाले, गोळ्या घेतल्या आणि बरं वाटलं. तीन महिन्यांनी परत तेच सुरू झालं. तेव्हापासून अँटिबायोटिकचे सहा कोर्स झाले, पण शेवटच्या चार कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) काहीच निघालेलं नाही. ओटीपोट सतत जड वाटतं. लघवी साठत गेली की दुखणं वाढतं, करून आले की थोडा वेळ बरं वाटतं, अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा तेच. दिवसा चौदा-पंधरा वेळा जावं लागतं, रात्री तीन-चार वेळा उठते. प्रवास टाळते, पाणीही कमीच पिते. कुणी सांगितलं म्हणून क्रॅनबेरीचा रस आणि कीगलचे (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे) व्यायाम सुरू केले, तर त्रास वाढला. संबंधानंतर दोन दिवस दुखतं. सोनोग्राफी नॉर्मल आहे. एक डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, दुसरे म्हणाले भूल देऊन दुर्बिणीने बघू. मला नेमकं काय झालंय, आणि कोणत्या तपासणीत ते पक्कं कळेल?

उत्तर: 'लघवी साठत गेली की दुखणं वाढतं, करून आले की थोडा वेळ बरं वाटतं.' तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य हे आहे. डॉक्टरांसमोर बसल्यावर बहुतेक जणी 'जळजळ होते' एवढंच सांगतात. मग जळजळ म्हणजे जंतुसंसर्ग आणि जंतुसंसर्ग म्हणजे अँटिबायोटिक, अशी गाडी आपोआप सुटते. मूत्राशय भरताना दुखणं आणि रिकामं झालं की उतरणं, हे सहा आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, लघवीत जंतू नसतील आणि दुसरं कारणही सापडत नसेल, तर त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. जुनं नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस, बोलताना नुसतं आयसी. तुमचं वर्णन त्याच्याशी चांगलंच जुळतं.

पण पत्रावरून निदान होत नाही. आणि 'पक्क्या' तपासणीबद्दल आधीच सांगून टाकतो: अशी एक तपासणी नाही. रक्ताची नाही, लघवीची नाही, स्कॅनही नाही. लक्षणं कशी येतात-जातात ते बघून आणि बाकीच्या शक्यता एकेक करून बाजूला काढून हे निदान होतं. म्हणजे ज्या नॉर्मल रिपोर्टांमुळे तुमच्या दुखण्यावर शंका घेतली गेली, तेच रिपोर्ट या निदानाचा अर्धा भाग आहेत.

आत काय बिघडतं? मूत्राशयाच्या भिंतीला आतून एक बुळबुळीत अस्तर असतं. लघवीतल्या क्षारांपासून ते भिंतीला वाचवतं. काही जणींत हे अस्तर विरळ झालेलं असतं आणि पोटॅशियमसारखे क्षार खालच्या नसांना टोचतात. काही जणींत अस्तर ठीक असतं, पण नसाच हळव्या झालेल्या असतात. पहिला जंतुसंसर्ग खरा होता, तो बराही झाला, पण तेव्हा वाजलेली घंटा वाजतच राहिली, असंही घडतं. तिसरी गोष्ट ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारख्या ताणलेल्या स्नायूंची, म्हणजे पेल्विक फ्लोअरची. महिनोन् महिने दुखणं सोसताना हे स्नायू कळत-नकळत आवळलेलेच राहतात आणि मग स्वतःच दुखू लागतात. तुमच्या पत्रात या तिसऱ्या गोष्टीच्या दोन खुणा आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ.

आधी जुने रिपोर्ट बाहेर काढा आणि तारखेप्रमाणे लावा. प्रत्येकावर पेन्सिलीने लिहा: त्या दिवशी त्रास कसा होता, अँटिबायोटिक चालू होतं का, गोळ्यांनी खरंच फरक पडला का. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर दिलेलं कल्चर निगेटिव्ह आलं तर त्याला फारसा अर्थ नाही. 'मिक्स्ड ग्रोथ' (अनेक जातींचे जंतू एकत्र) आणि सोबत भरपूर एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी) असं लिहिलं असेल, तर बहुधा नमुना घेताना त्वचेवरचे जंतू मिसळलेत. पस सेल्स (पांढऱ्या पेशी) वाढलेल्या आणि कल्चर मात्र पुन्हा पुन्हा निगेटिव्ह, असं दिसलं तर तिथे थांबून विचार करायला हवा. क्लॅमिडियासारखे संसर्ग, मूत्रमार्गाचा क्षयरोग, खडा यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं, आणि साध्या कल्चरमध्ये क्षयाचे जंतू वाढत नाहीत. आणखी एक: प्रयोगशाळा बऱ्याचदा मिलिलिटरमागे एक लाख जंतू ही रेघ धरतात. लक्षणं असलेल्या बाईत त्याहून कितीतरी कमी जंतूही खरे असू शकतात. म्हणून नुसतं 'निगेटिव्ह' वाचून न थांबता आकडा आणि जंतूचं नाव काय दिलंय ते बघा.

पुढचा नमुना नीट द्या. पाळीच्या दिवसांत नको. हात धुवा, दोन बोटांनी बाहेरचे ओठ बाजूला धरा, पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. बाटलीच्या आतल्या कडेला बोट लावू नका. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा, ते जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. धार मध्येच थांबवणं अवघड जातं, म्हणून धार न थांबवता बाटलीच आत-बाहेर करा.

दुसरं काम तीन दिवसांच्या डायरीचं. मापाचा एक प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवा आणि दर वेळी वेळ, किती मिली, जाण्याआधी दुखणं दहापैकी किती आणि नंतर किती, हे लिहा. काय आणि किती प्यालात तेही. पान साधारण असं दिसेल:

सकाळी ६.१०, १४० मिली, आधी ६, नंतर ३
सकाळी ७.०५, ७० मिली, आधी ५, नंतर ३
७.२० ला एक कप कॉफी
सकाळी ८.००, ६० मिली, आधी ७, नंतर ५

चार ओळींत किती कळतं बघा. निरोगी मूत्राशय एका वेळी साधारण २५० ते ४०० मिली लघवी धरून ठेवतं. इथे ७०लाच हाक येतेय, जाऊन आल्यावर आकडा उतरतोय आणि कॉफीनंतर तो चढलाय. उलट, डायरीत दर वेळी ३०० मिली आणि दिवसाची बेरीज तीन लिटरच्या वर निघाली, तर प्रश्न वेगळाच आहे: एक तर पाणी जास्त होतंय, नाहीतर साखर तपासायला हवी. आणि तुम्ही धावता कशासाठी, तेही लिहा. गळेल या भीतीने धावत असाल तर अतिक्रियाशील मूत्राशयाचा विचार होतो, दुखणं थांबावं म्हणून जात असाल तर आयसीचा. दोन्हींत 'दिवसाला पंधरा वेळा' हेच ऐकू येतं, पण औषधं वेगळी.

तपासणीत काय झालं आणि काय राहिलं ते विचारा. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत मोजलं का? शंभर-दीडशे मिलीच्या वर उरत असेल तर ते नीट रिकामंच होत नाहीये. दुखणं पाळीच्या आसपास उसळतं का? तसं असेल तर एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) डोक्यात ठेवावा लागतो; सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही असं ठरत नाही, आणि आयसीसोबत तो असूही शकतो. उठल्यावर थेंब थेंब गळतं आणि योनीच्या पुढच्या भिंतीत गाठ लागते का? ती मूत्रमार्गाची पिशवी, म्हणजे डायव्हर्टिक्युलम असू शकते. केटामाइन (भुलीचं औषध, नशेसाठीही घेतात) किंवा सायक्लोफॉस्फमाइड (कर्करोगावरचं औषध) घेतलं असेल, ओटीपोटाला कधी रेडिएशन दिलं असेल, तर न विचारता सांगा. दोन्ही औषधं आणि रेडिएशन मूत्राशय होरपळवतात.

आतून होणारी तपासणी मात्र बऱ्याचदा अर्धवट राहते. गर्भाशय बघितलं जातं, स्नायू बघितले जात नाहीत. योनीत एकच बोट घालून, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे चार-पाच आणि सात-आठच्या जागी बाजूच्या स्नायूंवर हलका दाब दिला आणि 'हेच ते दुखणं' असं तोंडून निघालं, तर दुखण्यातला मोठा वाटा स्नायूंचा आहे. तुमच्या त्या दोन खुणा याच: संबंधानंतर दोन दोन दिवस दुखणं आणि कीगलने त्रास वाढणं. आधीच आवळलेल्या मुठीला आणखी आवळायला सांगितलं तर काय होणार? पेल्विक फ्लोअर बळकट करण्याचे व्यायाम या आजारात करू नयेत असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आजपासून बंद करा.

आता दुर्बिणीचं. बाल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी १९१५ मध्ये बायकांच्या मूत्राशयातल्या एका वेगळ्या व्रणाचं वर्णन केलं. तो आजही हनर लीजन म्हणूनच ओळखला जातो. दुर्बिणीने नक्की काही सापडण्यासारखं असेल तर ते हेच: लालसर, भेगाळलेला पट्टा, मूत्राशय फुगवताना फाटून रक्त झिरपणारा. तो सापडला तर तिथल्या तिथे डाग देऊन जाळता येतो किंवा त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं, आणि आराम चांगला, कधी कधी अनेक महिने टिकतो. पण तो थोड्याच जणींत असतो, पन्नाशीनंतर जास्त. बाकीच्यांत भिंत फुगवल्यावर सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. त्यांवर एके काळी निदान ठरायचं, पण तसलेच ठिपके काहीही त्रास नसलेल्या बायकांतही सापडतात. म्हणून ते दिसले म्हणजे आयसी पक्का आणि नाही दिसले म्हणजे आयसी नाही, असं दोन्हीकडून म्हणता येत नाही.

आमचं मत असं: ३८ वर्षं वय, लघवीत रक्त नाही, तंबाखू नाही (असेल तर हा हिशेब बदलतो), तर साध्या उपायांना आधी तीन महिने द्यायला हरकत नाही. लघवीच्या रूटीन तपासणीत लाल पेशी येत असतील, दुखणं फार तीव्र असेल किंवा तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर दुर्बीण लांबवू नका, कारण हनरचा व्रण गोळ्यांनी सहसा बधत नाही. होकार देण्याआधी विचारा: व्रण दिसला तर त्याच बैठकीत उपचार करणार का? मूत्राशय फुगवणार असाल तर कमी दाबाने आणि दहा मिनिटांच्या आत ना? जास्त दाबाने, जास्त वेळ फुगवण्याची जुनी पद्धत आता टाळतात, भिंत फाटण्याचा धोका असतो. पोटॅशियम आत सोडून दुखतं का ते बघण्याची चाचणी कुणी सुचवली तर नको म्हणा. ती दुखवते भरपूर आणि सांगते थोडं.

घरी करायच्या गोष्टींत पहिली पाण्याची. कमी प्यालं की कमी जावं लागेल हा हिशेब वरवर बरोबर वाटतो, पण लघवी दाट होते आणि दाट लघवी जास्त टोचते. दिवसभरात दीड ते दोन लिटर, घोट घोट, सारखं विभागून. झोपण्याआधीचे दोन तास थोडं आवरून. रंग फिकट पिवळा राहिला की पुरे. क्रॅनबेरीचा रस आम्लधर्मी आहे. काही जणींत तो पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग टाळायला मदत करतो, पण तुमच्याकडे जंतूच नाहीत, मग उरतं फक्त आम्ल. व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांचंही तेच. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर तो किती आहे ते वाचा.

खाण्याच्या बाबतीत इंटरनेटवरच्या लांबलचक याद्या बघून घाबरू नका. त्या सगळ्या पाळणाऱ्या बायका महिनाभरात अशक्त आणि वैतागलेल्या होतात, आणि नेमकं काय बाधत होतं ते कळतही नाही. नेहमीचे संशयित थोडे आहेत: कॉफी, चहा, सोडा घातलेली पेयं, दारू, लिंबूवर्गातली फळं, टोमॅटो, तिखट, कृत्रिम गोडी. हे सगळं दोन ते चार आठवडे बंद ठेवा. दुखणं उतरलं तर एकेक परत आणा, दोन पदार्थांत तीन दिवसांचं अंतर ठेवून. आकडा चढला तो पदार्थ वगळा, नाही चढला तो निर्धास्त खा. महिन्याभरात काहीच फरक पडला नाही, तर तुमच्या दुखण्याचं मूळ खाण्यात नाही. पथ्य सोडून द्या. कॉफी एकदम सोडली तर दोन-तीन दिवस डोकं दुखतं, म्हणून आठवडाभरात कमी करत न्या. बद्धकोष्ठही सांभाळा, भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयाला आणि स्नायूंना दोघांनाही डिवचतं.

स्नायू दुखत असतील तर पेल्विक फ्लोअरचं काम जाणणारी फिजिओथेरपिस्ट शोधणं हा आमच्या मते तुमचा पहिला खर्च असावा, गोळ्यांच्याही आधी. ती आतून आणि बाहेरून हाताने स्नायूंतल्या गाठी सैल करते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ८१ बायकांना आठवड्याला एक अशा दहा बैठका दिल्या होत्या. असे उपचार मिळालेल्यांपैकी ५९ टक्के जणींना बरं वाटलं. नुसतं अंगाचं मालिश मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. नाव फिजिओथेरपीचं आणि हातात कीगलचा कागद, असं झालं तर दुसरी बघा. घरी करायला एक सोपी गोष्ट: पाठीवर निजून गुडघे दुमडा, पाय बाजूला सैल सोडा, श्वास आत घेताना पोट वर येऊ द्या आणि खालचा भाग फुलासारखा उघडतोय असं वाटू द्या. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. लघवीला बसल्यावरही कुंथू नका, पाय टेकवून वाट बघा.

लघवीमधलं अंतर वाढवण्याचा सराव उपयोगी आहे, पण दुखणं थोडं आटोक्यात आल्यावरच. सध्या पाऊण तास निभतोय तर एक तास, मग एक-दोन आठवड्यांनी आणखी पंधरा मिनिटं. दुखत असताना दात आवळून रोखून धरणं म्हणजे स्नायूंना पुन्हा आवळायला शिकवणं.

औषधांत अमिट्रिप्टिलीन बहुधा आधी सुचवतात. हे जुनं नैराश्यावरचं औषध आहे. त्या नावाने दचकू नका. इथे ते कमी मात्रेत, नसांचं दुखणं शमवायला देतात. रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात, दर एक-दोन आठवड्यांनी सोसेल तसं वाढवत २५, ५०, कधी ७५पर्यंत. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, सकाळी गुंगी राहते. झोपायच्या दोन तास आधी घेतलं तर ही गुंगी कमी जाणवते. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा दोष किंवा लघवी तुंबण्याचा इतिहास असेल तर आधी सांगा, आणि एकदम बंद करू नका. ॲलर्जीचा त्रास असणाऱ्यांना हायड्रॉक्सिझिन कधी लागू पडतं. पेंटोसान पॉलिसल्फेट, १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, अस्तरासाठी देतात; फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या डोळ्याच्या पडद्यावर डाग आढळल्यामुळे २०२० मध्ये अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकात इशारा घातला गेला. ते सुरू करताना पडद्याची तपासणी आणि नंतर ठरावीक काळाने पुन्हा, हे चुकवू नका. गर्भारपणाचा विचार असेल तर यातलं काहीही सुरू करण्याआधी बोला.

गोळ्यांनी भागत नसेल तर बारीक नळीतून औषध थेट मूत्राशयात सोडतात: लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) सोडियम बायकार्बोनेटसोबत, हिपॅरिन किंवा डीएमएसओ. लिग्नोकेनने लगेच पण थोड्या दिवसांचा आराम मिळतो. डीएमएसओनंतर दिवसभर श्वासाला लसणासारखा वास येतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. बोटॉक्स, नसांना विजेचे हलके ठोके देणारं यंत्र, सायक्लोस्पोरिन हे पुढचे टप्पे, त्यांची आज काळजी नको. जंतू नसताना महिनोन् महिने अँटिबायोटिक आणि तोंडावाटे दीर्घकाळ स्टेरॉइड, हे या आजारात देऊ नये असं स्पष्ट मत आहे.

त्रास अचानक उसळला तर: जास्त पाणी, ओटीपोटावर किंवा मांड्यांच्या मध्ये शेक (काहींना गार पिशवी मानवते), दोन दिवस सैल कपडे आणि साधं खाणं. फेनाझोपायरिडिन (लघवीची जळजळ शमवणारी गोळी) मिळत असेल तर डॉक्टरांना विचारून, फार तर दोन दिवस. लघवी नारिंगी होते आणि कपड्यांवरचा डाग जात नाही. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी दर वेळी कल्चरचा नमुना द्या, कारण आयसी असलेल्या बाईला खरा जंतुसंसर्गही होऊ शकतो. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीत दिसणारं रक्त, लघवी तुंबणं, किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं यापैकी काही झालं तर त्याच दिवशी दाखवा.

संबंधांबाबत: आधी आणि नंतर लघवी करून या, वंगण वापरा, योनीच्या पुढच्या भिंतीवर दाब येणार नाही अशी बाजूवर निजलेली स्थिती निवडा आणि नंतर पंधरा मिनिटं शेक घ्या. जोडीदाराला सांगा की दुखणं दुसऱ्या दिवशी येतं, त्यामुळे त्या वेळी तुमचा चेहरा ठीक दिसला तरी सगळं ठीक असेलच असं नाही.

'टेन्शन घेऊ नका' म्हणणारे डॉक्टर निम्मे बरोबर आहेत. ताणाने हे दुखणं वाढतं. ताणामुळे ते नसताना दिसतं, असं मात्र नाही. पुन्हा कुणी तसं म्हटलं तर डायरीचं पान पुढे करा.

औषध असो की फिजिओथेरपी, सुरू करण्याच्या दिवशी ओ'लिअरी-सँट प्रश्नावली (आयसीचा त्रास गुणांत मोजणारी) भरून घ्या. चार प्रश्न लक्षणांचे, २० गुणांपर्यंत. चार त्रासाचे, १६ गुणांपर्यंत. बारा आठवड्यांनी (पेंटोसान घेत असाल तर सहा महिन्यांनी) पुन्हा भरा, सोबत नवी तीन दिवसांची डायरी. गुण उतरले असतील तर तेच चालू ठेवा. नसतील, तर तो उपचार थांबवून पुढचा घ्या, जुन्यावर नवा चढवत जाऊ नका. नाहीतर वर्षभराने पाच गोळ्या चालू असतील आणि त्यांतली कोणती कामाची ते कुणालाच सांगता येणार नाही.